देवाचं बिऱ्हाड

टिळक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पगडी, उपरणं आणि केसरीचा अग्रलेख उभा राहतो. पण त्याच काळात महाराष्ट्रात आणखी एक टिळक होऊन गेले. त्यांची ओळख आपल्याला शाळेतच झालेली असते, फक्त लक्षात राहत नाही. पिल्लांसाठी चारा आणायला गेलेल्या आणि माणसाच्या हातून घायाळ झालेल्या पक्षिणीची ती कविता आठवते? 'केवढे हे क्रौर्य'. ती लिहिणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक. फुलांवर आणि मुलांवर इतकं लिहिलं की लोक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणू लागले. पण या लेखात मला त्यांच्या फुलांविषयी फारसं सांगायचं नाही. त्यांच्या घराविषयी सांगायचं आहे. कारण देव माणसात राहतो, हे वाक्य आपण सगळेच कुठे ना कुठे ऐकतो आणि मान डोलावून पुढे जातो. या माणसाने ते वाक्य खरं धरलं, आणि मग त्याचं घर कसं कसं बदलत गेलं ते बघण्यासारखं आहे.

आता कुणी विचारेल की आपल्या कॉलेजच्या अंकात हे टिळक कशाला? तर त्याचं कारण आपल्या अगदी जवळ आहे. लोकलने देहूरोडला उतरलं की थोड्याच अंतरावर देहू. दरवर्षी ज्येष्ठात तुकोबांची पालखी देहूहून निघते, दुसऱ्या मुक्कामाला आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात येते, आणि एरवी ट्रक, कंटेनर आणि कंपन्यांच्या बसेसनी भरलेला आपला हायवे टाळमृदंगाने भरून जातो. त्या तुकोबांचा आणि या ख्रिस्ती कवीचा संबंध फार सख्खा आहे. टिळक स्वतः सांगायचे की आपण ख्रिस्ताकडे पोचलो ते तुकोबांच्या पुलावरून. सिव्हिलच्या मित्रांना हे आवडेल. मला त्यातली पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. पलीकडे गेल्यावर बरेच जण मागचा पूल पाडून टाकतात. टिळकांनी तो पाडला नाही. आयुष्यभर त्यावरून ये-जा चालू ठेवली.

नारायणरावांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. घराणं चित्पावन ब्राह्मणाचं. वडील वामनराव सरकारी नोकरीत आणि स्वभावाने कडक. आई जानकीबाई मात्र कवितेच्या आणि भक्तीच्या ओढीची. मुलगा आईवर गेला. ती लवकर वारली आणि मग या मुलाचं घरात मन लागेना. लहान वयातच तो नाशिकला आला आणि तिथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे संस्कृत शिकला. इंग्रजीचं शिक्षण मध्येच सुटलं, पण वाचन सुटलं नाही. डिग्री नाही, सर्टिफिकेट नाही, तरी संस्कृतवर अशी पकड की मोठमोठे लोक ऐकत बसत.

१८८० च्या सुमाराला नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या मनकर्णिकेशी त्यांचं लग्न झालं. ती अकरा-बारा वर्षांची. सासरी तिचं नाव लक्ष्मी ठेवलं गेलं. ह्याच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. तिच्या वडिलांचं सोवळं इतकं टोकाचं की घरात येणारी प्रत्येक वस्तू धुवून घ्यायची, मीठसुद्धा! मीठ धुतल्यावर काय उरत असेल हे सांगायला केमिस्ट्रीची गरज नाही. हा तपशील विनोदी वाटतो, पण लक्षात ठेवा. पुढे या मुलीने काय सोडलं ते कळायला तो उपयोगी पडेल.

टिळक एका जागी टिकणारे नव्हते. शिक्षक, कीर्तनकार, कवी, संपादक. आज इथे, उद्या तिथे. राग आला की घर सोडून चालते व्हायचे आणि काही दिवसांनी परत यायचे. बायको वाट बघत बसायची. नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचं काम मिळालं, 'ऋषि' नावाचं मासिक काढलं. बाहेरून बघता बरं चाललं होतं. आतून मात्र त्यांना चैन नव्हतं. जातिभेद त्यांना सहन होत नव्हता. देशाला उभं करायचं तर माणसामाणसांत बंधुभाव पाहिजे, आणि तो नुसता भाषणांनी येत नाही, त्याला धर्माचा आधार लागतो, असं त्यांना वाटू लागलं होतं. एक नवा धर्मच काढावा इथपर्यंत विचार गेला होता.

१८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावला नोकरीसाठी निघाले. डब्यात एक गोरा साहेब होता. त्या काळी गोऱ्या माणसाच्या डब्यात शिरायचं म्हणजे अपमानाची तयारी ठेवूनच. पण या गृहस्थाने सरकून जागा दिली, गप्पा सुरू केल्या, संस्कृत काव्याबद्दल विचारलं. बोलता बोलता विषय ख्रिस्तावर आला. उतरताना त्याने टिळकांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही करून टाकलं. टिळकांना ते अर्थातच पटलं नाही. पण पुस्तक वाचायचं वचन दिलं होतं, म्हणून वाचायला घेतलं. मत्तयाच्या शुभवर्तमानातलं डोंगरावरचं प्रवचन आलं, आणि तिथे ते अडकले. शत्रूवर प्रेम करा, देणगी गुप्तपणे द्या, उद्याची चिंता करू नका. तुकोबा वाचून वाढलेल्या माणसाला हे परकं वाटायचं कारणच नव्हतं. उलट आपलंच कुणीतरी दुसऱ्या भाषेत बोलतंय असं वाटलं असणार.

साहेबाचं भाकीत जवळजवळ तंतोतंत खरं ठरलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यातही एक अट होती. पाणी घालणारा हात मिशनरी साहेबाचा नको, भारतीय पाळकाचा हवा. तसंच झालं.

आणि लक्ष्मीबाई? त्या तेव्हा माहेरच्या माणसांत होत्या. कडेवरचा म्हणावा असा दत्तू, देवदत्त, जेमतेम तीन-चार वर्षांचा. बातमी कळली तेव्हा त्यांच्यावर जे कोसळलं ते त्यांनी चाळीस वर्षांनी लिहिलं, तरी वाचताना अंगावर येतं. त्या काळी नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे तो जिवंत असून नसल्यासारखा. बाई धड सुवासिनी नाही, धड विधवा नाही. त्याच्याकडे जावं तर धर्म गेला, न जावं तर संसार गेला. लोक सांत्वनाला येत आणि जखम उघडी करून जात. पुढची चार-पाच वर्षं त्या पंढरपूर, नाशिक, जलालपूर अशा नातेवाइकांकडे राहिल्या. एका बाजूला विठोबाचं गाव, दुसऱ्या बाजूला ख्रिस्ताच्या गावातून येणारी नवऱ्याची पत्रं.

इथे थोडं थांबून मला एक बोलायचं आहे. टिळकांवर लिहिणारे बहुतेक जण या ठिकाणी घाईने पुढे जातात. सत्यासाठी त्यांनी किती त्याग केला असं म्हणतात. पण तो त्याग अर्धा दुसऱ्याच्या खिशातून केलेला होता. देवाला घरात राहायला बोलवायचं आणि घरातल्या बाईला विचारायचंही नाही, हे मला तरी पटत नाही. त्यांनी तिला समजावलं असतं तर ती आली असती का? बहुधा नसती. मग त्यांनी थांबायला हवं होतं का? याचं उत्तर मला देता येत नाही, आणि ज्यांना ते पटकन देता येतं त्यांच्यावर माझा विश्वास बसत नाही. टिळकांच्या बाजूने एवढं म्हणता येईल की त्यांनी तिला सोडलं नाही. पत्रं लिहीत राहिले, वाट बघत राहिले. लग्नानंतरची पहिली पंधरा वर्षं वाट बघायचं काम तिचं होतं, आता ते त्यांच्या वाट्याला आलं.

या काळात टिळक अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, अमेरिकन मराठी मिशनमध्ये शिकवत होते. शेवटी लक्ष्मीबाई मुलाला घेऊन तिथे आल्या. पण ख्रिस्ती होण्यासाठी नव्हे. नवऱ्याजवळ राहीन, पण माझा स्वयंपाक वेगळा, माझं पाणी वेगळं, माझं सोवळं माझ्यापाशी. आणि टिळकांनी ते मान्य केलं. एका घरात दोन चुली! मला ही गोष्ट बाप्तिस्म्यापेक्षा मोठी वाटते. स्वतःला देवाचं घर मानणारा माणूस एरवी दुसऱ्यावर जबरदस्ती करायला सगळ्यात आधी तयार होतो. टिळकांनी तशी घाई केली नाही. मीठ धुणाऱ्या घरातून आलेली बायको हंडे वेगळे ठेवते आहे, तर ठेवू दे.

मग लक्ष्मीबाईंचं मन आपल्याच वाटेने चालू लागलं. त्यांनी पुस्तकं वाचून ठरवलं नाही, वाचन तेव्हा फारसं नव्हतंच. एके दिवशी त्या स्वतःशीच विचार करत बसल्या की ही जात नक्की कुणी केली? देवाने केली असती तर माणसांत काहीतरी फरक दिसला असता, जसा पशूपक्ष्यांत दिसतो. तसा तर दिसत नाही. म्हणजे ही माणसाची करणी. बस्स. यानंतर कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं हे त्यांनी ठरवून टाकलं. लक्षात घ्या, अजून त्या ख्रिस्ती झालेल्या नव्हत्या. आधी जात गेली, मग बाप्तिस्मा आला, १९०० साली.

इथपासून ते घर खरं सुरू झालं.

सेंट पॉलने करिंथ शहरातल्या लोकांना एक पत्र लिहिलं आहे. करिंथ म्हणजे बंदराचं गाव. व्यापारी, हमाल, गुलाम, सगळी भानगड. त्या लोकांना पॉल सांगतो की तुमचं शरीर हे देवाच्या आत्म्याचं मंदिर आहे. यरुशलेमचं भलंमोठं मंदिर तेव्हा उभं होतं, तरी देव या सामान्य माणसांत राहायला आला आहे असं त्याला म्हणायचं होतं. योहानाच्या शुभवर्तमानातही येशू हेच सांगतो की जो माझ्यावर प्रेम करतो त्याच्याकडे आम्ही येऊ आणि त्याच्याबरोबर वस्ती करू. आपल्याकडे हे काही नवीन नाही. वारकऱ्यांनी शरीरालाच पंढरी म्हटलं. आणि देहूत तुकोबांनी जे केलं ते काय होतं? महिपतींनी लिहिलेल्या चरित्रात सांगितलं आहे की दुष्काळात घर उद्ध्वस्त झालं, पहिली बायको गेली, आणि त्यानंतर तुकोबांनी वडिलोपार्जित सावकारीची कागदपत्रं काढली, भावाचा वाटा भावाला दिला आणि आपला वाटा इंद्रायणीत सोडून दिला. लोकांची कर्जं बुडाली म्हणजे खरं तर लोक तरले. देव घरात राहायला आला की पहिली गोष्ट काय होते, तर दुसऱ्याच्या दाराशी तगादा लावणारं खतपत्र घरात राहू शकत नाही. चाकणच्या बाजूला कंपन्यांच्या शेडमागे भामचंद्राचा डोंगर दिसतो ना, तिथे आणि भंडाऱ्यावर तुकोबा एकांतात बसत. पण रात्रीचं घर देहूतच. वारकरी घर सोडत नाही. डोंगरावर भाकरी घेऊन जाणारी आवली त्यांच्यावर चिडायची, बोलायची, आणि तरी भाकरी घेऊन जायची.

टिळकांच्या घरीही हीच तऱ्हा. नगरला १९०० च्या आसपास भयंकर दुष्काळ होता. पोरकी झालेली मुलं मिशनकडे येत. टिळकांच्या घरात अशा मुलांना जागा मिळाली. प्लेग आला तेव्हा आजारी पडलेल्या मुलींबरोबर लक्ष्मीबाई त्यांच्या छावणीत राहायला गेल्या. ज्या बाईने लहानपणी शिवाशिवीच्या भीतीने सावलीसुद्धा टाळली असेल, ती प्लेगच्या रोग्यांचं करत होती. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. पगार आला की वाटेत कुणीतरी गरजू भेटायचाच, आणि तो नाही भेटला तर पुस्तकांचं दुकान भेटायचं. घरी महिना कसा काढायचा हा प्रश्न लक्ष्मीबाईंचा. त्या भांडायच्या. 'स्मृतिचित्रे'मध्ये ही भांडणं इतक्या मजेदार रीतीने आली आहेत की हसून पोट दुखतं. टिळकांचा राग काही बाप्तिस्म्याच्या पाण्याने विझला नव्हता. तो भडकायचा, मग स्वतःचंच त्यांना हसू यायचं. मला वाटतं, रोजच्या रोज देवाचं घर होऊन राहणं म्हणजे अशीच भानगड असणार. पाहुणा कायमचा राहायला आला आहे, आणि आपला पसारा तर तसाच आहे.

या घरात आलेल्या माणसांमध्ये एक मुलगा होता, त्र्यंबक बापूजी ठोंबरे. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं, तिथे या सतरा वर्षांच्या पोराने कविता म्हटली आणि त्याला बालकवी ही पदवी मिळाली. टिळकांनी त्याला आपल्या घरी नगरला नेलं. तो ख्रिस्ती झाला नाही. त्याला तसं व्हायला लावावं म्हणून टिळकांनी त्याला आणलेलंही नव्हतं. घरच्या मुलांसारखा तो तिथे राहिला, रुसला, खेळला, लक्ष्मीबाईंचं बोलणं खाल्लं आणि हातचं जेवण जेवला. मराठीतला सगळ्यात कोवळा निसर्गकवी एका ख्रिस्ती पाळकाच्या स्वयंपाकघरात वाढला हे आपल्याला पाठ्यपुस्तकात कुणी सांगत नाही. ५ मे १९१८ ला भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली बालकवी गेले. वय अठ्ठावीससुद्धा पूर्ण नव्हतं.

याच घरात नकुशीही होती. नको असलेली म्हणून नकुशी. ती लक्ष्मीबाईंकडे आली आणि त्यांनी तिला वाढवलं. (२०११ मध्ये सातारा जिल्ह्यात या नावाच्या शेकडो मुलींना समारंभ करून नवीन नावं दिली गेली. शंभर वर्षं गेली तरी नाव चालूच होतं!) बायबलातल्या शेवटच्या न्यायाच्या गोष्टीत राजा म्हणतो की तुम्ही या लहानांपैकी एकासाठी जे केलंत ते माझ्यासाठी केलंत. म्हणजे देव राहायला येतो तो नेहमी तेजाच्या रूपात येईल असं नाही. नकुशी होऊनही येतो. त्याला भूक लागते, तो रात्री रडतो, आणि त्याच्यासाठी उठावं लागतं. टिळक कविता लिहीत होते तेव्हा उठणारी व्यक्ती बहुतेक वेळा लक्ष्मीबाई असायच्या, हेही सांगून टाकते.

टिळकांना १९०४ साली पाळक म्हणून दीक्षा मिळाली. १९१२ पासून ते 'ज्ञानोदय'च्या मराठी भागाचे संपादक होते. 'ज्ञानोदय' हे १८४२ साली सुरू झालेलं जुनं ख्रिस्ती नियतकालिक. पण त्यांचं खरं काम गाण्यांचं. तोपर्यंत मराठी चर्चमध्ये इंग्रजी चालींवर ओढूनताणून बसवलेली भाषांतरित गाणी म्हणत. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे असेंब्लीच्या प्रार्थना, ख्रिसमसच्या कॅरोल्स सगळं इंग्रजीतून पाठ. त्या गोड असतात यात वादच नाही. पण बर्फ, घंटा आणि घसरगाडी ही सगळी आपल्यासाठी ग्रीटिंग कार्डावरचीच. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणलं. टाळ हातात घेऊन म्हणता येईल असं, बायकांना दळताना गुणगुणता येईल असं. त्यांचा ख्रिस्त हा गुरू आहे, आणि माउलीही आहे. ज्ञानोबाला माउली म्हणणाऱ्या महाराष्ट्रात देवाला आई म्हणण्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही! त्यांच्या भजनांत हळूहळू अंतर कमी होत जातं. आधी देव समोर असतो, मग शेजारी, मग आत, आणि शेवटी शेवटी कोण कुणाच्या घरी राहतं आहे हेच कळेनासं होतं. 'अभंगांजली'त हे जाणवतं. मराठी चर्चमध्ये ही गाणी पुढच्या पिढ्यांनी म्हटली, ज्यांच्या आजीने टिळकांना पाहिलंही नव्हतं अशांनीसुद्धा.

याच्याही आधी, १६१६ साली, गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने ओवीबद्ध मराठीत 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध केलं होतं. पण स्टीफन्स बाहेरून आत आले होते. टिळक आतलेच.

इतकं असूनही मिशनच्या आवारात त्यांचा जीव गुदमरायला लागला. कंपाउंडच्या आत राहणारा, मिशनचा पगार घेणारा, साहेबाकडे बघून वागणारा ख्रिस्ती समाज त्यांना बघवत नव्हता. मिशनरी हे आईबाप आणि इथले लोक कायमची लेकरं, हे किती दिवस चालणार? देशावर त्यांचं विलक्षण प्रेम होतं. ख्रिस्ती झालो म्हणजे कमी भारतीय झालो हे त्यांनी कधीच मान्य केलं नाही. आणि सगळ्यात मोठा प्रश्न हा की देव जर माणसात राहतो, तर त्याला मिशनच्या आवाराची भिंत कशाला?

१९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली. वय पंचावन्न. पेन्शनचा हिशोब करायच्या वयात पगार सोडला आणि संन्यास जाहीर केला. साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. दरबारात यायला बाप्तिस्म्याची अट नव्हती. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला गुरू मानणारे सगळे तिथे भाऊ-बहीण. ही फार मोठी गोष्ट होती आणि चर्चमधल्या अनेकांना ती झेपली नाही. सभासदत्वाचं रजिस्टर ठेवायचं तर रेघ कुठेतरी मारावी लागते, आणि टिळक तर रेघच पुसत होते. दुसरीकडे, ज्या हिंदूंनी त्यांना बाटगा म्हणून वाळीत टाकलं होतं त्यांनाही या दरबाराचं काय करायचं ते कळेना.

या संन्यासातही एक गंमत आहे. संन्यासी बायकोमुलांना सोडून जातो. टिळक साताऱ्याला गेले ते लक्ष्मीबाईंसकट. १८९५ मध्ये त्यांनी देवासाठी घर मोडलं होतं. बावीस वर्षांनी संन्यास घेतला तेव्हा घर बरोबर नेलं. त्यांनी स्वतः या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या होत्या की नाही कोण जाणे, पण मला त्या दिसतात. डोंगरावर बसायचं आणि रात्री देहूला परत यायचं, ही तुकोबांची रीत त्यांना उशिरा का होईना सापडली असं मी समजते.

दरबार फार चालला नाही. टिळकांची प्रकृती आधीच ढासळली होती. जेमतेम दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना पुरलं नाही, दहन केलं, आणि अस्थी नगरला नेल्या. ख्रिस्ती माणसाचं दहन ही त्या काळी भुवया उंचावणारी गोष्ट होती. कुडी गेली तर गेली, देवाच्या घराचा पत्ता त्या जागेवर थोडाच होता? दरबारही त्यांच्या मागे फार काळ टिकला नाही. ज्यांनी कल्पना उचलली त्यांच्यात जे. सी. विन्स्लो नावाचे एक इंग्रज मिशनरी होते. त्यांनी १९२३ मध्ये टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. ख्रिस्त सेवा संघही त्यांनीच काढला. आश्रमाच्या रीतीने, भारतीय आणि इंग्रज एकत्र राहणारा. तो पुढे पुण्यात शिवाजीनगरला स्थिरावला.

टिळक गेल्यावर लक्ष्मीबाई मुंबईला मुलींच्या वसतिगृहात काम करू लागल्या, नंतर मुलाबरोबर कराचीला राहिल्या. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी पुस्तकरूपाने येऊ लागली. त्यात त्या नवऱ्याला कुठेही इकडची स्वारी वगैरे म्हणत नाहीत. सरळ टिळक म्हणतात. त्यांची थोरवी लिहितात आणि त्यांचा विसरभोळेपणा, संताप, उधळेपणा हेही लिहितात. शाळेत जवळजवळ न गेलेल्या बाईने लिहिलेलं हे आत्मचरित्र मराठीतल्या उत्तम गद्यात मोडतं. ज्यांनी अजून वाचलं नसेल त्यांनी सबमिशन संपलं की पहिलं हे पुस्तक घ्या. आपल्यासारख्या इंग्लिश मीडियमवाल्यांनासुद्धा ते जड जात नाही, कारण त्या बोलतात तसंच लिहितात.

आणखी एक काम त्यांच्याकडे राहिलं होतं. टिळकांनी ख्रिस्ताच्या जीवनावर 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य लिहायला घेतलं होतं, आणि सुरुवातीचे थोडे अध्याय लिहून ते गेले. उरलेलं लक्ष्मीबाईंनी लिहिलं. थोडंथोडकं नव्हे, साठाहून अधिक अध्याय. नवऱ्याच्या धर्मांतराने जिचा संसार मोडला होता, तिने नवऱ्याच्या देवाचं चरित्र स्वतःच्या ओव्यांत पुरं केलं. त्यातल्या मरीया, मार्था, विहिरीवरची शोमरोनी बाई या सगळ्या लिहिताना तिला कुठल्या चुली आणि कुठले हंडे आठवत असतील याचा मी पुष्कळ विचार केला. लक्ष्मीबाई फेब्रुवारी १९३६ मध्ये वारल्या. 'ख्रिस्तायन' छापून आलं ते १९३८ साली.